पत्र्यावरची टकटक

पहाटेच्या अर्धवट झोपेत अजूनही कधीकधी मला चोचींचा आवाज ऐकू येतो. पत्र्यावर मक्याची भरड पडते, क्षणभर काहीच नाही, आणि मग टक्, टक्टक्, टक्. आधी एक चोच, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता वळवाचे थेंब कौलांवर उतरावेत तसा तो आवाज अंगणभर दाटत जातो. त्या आवाजात उजाडायचं. चुलीचा धूर, ओल्या मातीचा वास, आजीच्या बांगड्या, सारं त्या टकटकीच्या मागून यायचं.

हे अंगण डहीचं. धार जिल्ह्याच्या टोकाला, कुक्षीच्याही पुढे, नर्मदेच्या अलीकडचं आमचं गाव. पवारांच्या राज्यात इकडे येऊन रुजलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, कुंपणापलीकडे भिलाली, आणि कोंबड्यांना दोन्ही भाषा सारख्याच कळायच्या. त्यांत कडकनाथ होते. पिसं काळी, पाय काळे, तुरासुद्धा जांभळट काळा. उन्हात मान वळवली की त्या काळ्यावर मोरपंखी हिरवा झळाळून जाई. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि दूरच्या शहरांतही त्याचं नाव पोचलं. आम्हांला तो फक्त अंगणातला होता. कडकनाथची मादी खुडूक बसायला फारशी तयार नसते, म्हणून आजी तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची, आणि ती गावठी आई आपल्यामागून धावणाऱ्या काळ्या पिलांना किती मायेनं पंखांखाली घ्यायची!

दाणे मातीत टाकले की निम्मे चिखलात जात, निम्मे चिमण्या नेत. म्हणून आजोबांनी एकदा तेलाच्या रिकाम्या डब्याचं खाद्यपात्र केलं. डबा आडवा ठेवला, छिन्नीनं वर भोकं पाडली, प्रत्येक भोकातून एकेक मान आत जाईल अशी. दुपारभर अंगणात हातोडीचा ठणठणाट चालला होता. संध्याकाळी कोंबड्या डब्याभोवती गोळा झाल्या, आणि पत्र्याच्या पोकळीत ती टकटक अशी घुमली की आम्ही मुलं हरखून ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी एका काळ्या कोंबडीच्या गळ्याखालचा लोलक चिरलेला दिसला. रक्त काळ्यावर दिसतही नव्हतं. आजीच्या बोटांना ते लागलं तेव्हा कळलं. छिन्नीनं पाडलेल्या भोकाला आतल्या बाजूनं पत्र्याचे दाते असतात. मान आत जाताना ते लागत नाहीत, बाहेर येताना पिसं उलटी अडकतात, पक्षी घाबरतो, हिसका देतो. शेजारच्या भिलाला काकी कुंपणापाशी आल्या, डबा उचलून त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि काही न बोलता तो आजोबांपुढे धरला. आजोबांनी भोकं रुंद केली, प्रत्येक काठ आत दुमडून हातोडीनं चेपला, कानस मारली. काकींनी पुन्हा अंगठा फिरवला. मगच डबा जमिनीवर टेकला.

तो अंगठा माझ्या मनातून गेला नाही.

मुक्या जिवाचा विश्वास किती सरळ असतो! आपण जे पुढे ठेवू त्यात तो मान घालतो. कोंबडीला दात नसतात. ती वाळूचे बारीक खडे गिळते आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत ते खडे तिचे दाणे दळतात. म्हणून चकाकणारं, टोचणारं काहीही तिला खड्यासारखंच वाटतं. खाद्यपात्र बांधताना सांडलेला तारेचा तुकडा, खिळा, स्क्रू ती उचलते, आणि दळणाऱ्या त्या पिशवीतच तार आतून रुतते. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा पोटात राहिला तर जस्त हळूहळू रक्तात उतरतं. लोंबत्या सुतळीत पाय गुंततो आणि बोटं सुजून काळी पडतात. कडकनाथचे पाय तर मुळातच काळे, कुणाच्या लक्षात यायचं?

आमच्याकडे कापूस आणि मिरची. शेतात फवारणी झाली की औषधाचे रिकामे डबे बांधावर पडलेले असत, झाकणाचे, मजबूत, अगदी खाद्यपात्रासाठीच घडवल्यासारखे. पण प्लास्टिकमध्ये मुरलेलं विष दहा पाण्यांनी धुऊनही पुरतं जात नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे, ते याचसाठी. जुन्या रंगाच्या डब्याचंही तसंच. टकटक करणारी चोच रंगाचे पापुद्रे काढते आणि त्यांत शिसं असू शकतं.

आणि पावसाळा. डब्यात तळाशी पाणी झिरपलं की भरड गोळा होते, वर नवी भरड पडत राहते, आणि खाली बुरशी शांतपणे वाढते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध लागत लागत बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. ते डोळ्यांना दिसत नाही, शिजवून जात नाही. आजीला हे नाव ठाऊक नव्हतं. ती सरींच्या दिवसांत रोज संध्याकाळी डबा उपडा करायची, खरवडायची, चुलीजवळ कोरडा करायची, आणि आंबूस वास आलेली भरड उकिरड्यावरही न टाकता पुरून यायची. उकिरड्यावर तर कोंबड्याच आधी पोचतात.

पिलांच्या पाण्याच्या परळात ती गारगोट्या घालून ठेवी. कुतूहलानं आत उतरलेलं पिलू बोटभर पाण्यातही बुडतं. गारगोट्यांमधून चोच जाते, अंग जात नाही. डब्याचा काठ कोंबडीच्या पाठीइतका उंच हवा, म्हणजे त्यात कुणी उभं राहून विष्ठा करत नाही. सांडलेलं रात्री झाडून घ्यायचं, कारण दाण्यांमागून उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. इतकी साधी माया ती. हातांनी करायची.

आज पुण्या-नाशिकच्या बंगल्यांच्या मागच्या अंगणातही लोक हौसेनं कोंबड्या पाळतात, पाइप कापून, बादलीला भोकं पाडून पात्रं बनवतात. मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. मुलांनी त्या टकटकीत जागं व्हावं. फक्त एवढं करा. डबा कशाचा होता ते आधी आठवा. कापलेला काठ दुमडा, घासा, आणि कोंबडीची मान आत जाण्याआधी त्यावरून आपला अंगठा फिरवा. जो काठ तुमच्या अंगठ्याला टोचतो, तो तिच्यापुढे ठेवू नका.