स्मिता, बाळंतीण

१३ डिसेंबर आला की कुठे ना कुठे स्मिता पाटीलचा फोटो छापून येतो. आधी ते डोळे. मग तिच्या लग्नाबद्दल चार ओळी, आणि मृत्यूबद्दल जेमतेम अर्धी... 'अकाली निधन'. बाई बाळंतपणाने गेली, हे सरळ लिहायला काय हरकत आहे?

१७ ऑक्टोबर १९५५ चा तिचा जन्म, पुण्याचा. म्हणजे आज ती माझ्यासारखीच सत्तरीच्या घरात असती. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढली, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली. जीन्सवरच साडी नेसून बातम्यांना बसायची म्हणे! आमच्या हिंगोलीकडे तेव्हा दूरदर्शन कुठलं? आम्हाला ती भेटली पडद्यावरच. 'जैत रे जैत'मधली चिंधी, मग 'उंबरठा'. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन चित्रपटांसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

१९८२ च्या 'उंबरठा'वरून आमच्या शिक्षकांच्या खोलीत चांगलंच वाजलं होतं. त्यातली सुलभा महाजन नोकरीसाठी नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमात जाते. "आई का असं करते?" हा पुरुष मंडळींचा मुद्दा. आणि तीच स्मिता खऱ्या आयुष्यात मूल हवं म्हणून आसुसलेली! २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला, आणि पंधराव्या दिवशी ती गेली. वय ३१. अजून सव्वा महिनाही झाला नव्हता.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. बाळ सुखरूप झालं की सगळे पेढ्यांत गुंततात. पण ताप, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका त्यानंतरही कित्येक दिवस असतो. खेड्यात एखादी सून अशी गेली की आम्ही रस्त्याला, नसलेल्या डॉक्टरला बोल लावायचो. स्मिता तर मुंबईत होती. म्हणून त्या बातमीने आम्ही बायका जास्तच हादरलो.

शाळेत मात्र एक बाई म्हणाल्या, "दुसरीच्या संसारात गेली, भोगलंन्." समोर आमच्यातलीच एक पाच महिन्यांची गरोदर शिक्षिका डबा उघडून बसली होती. तिने तो तसाच बंद केला. मी त्या बाईंना म्हटलं, "तुमची तीन बाळंतपणं झाली, ती काय पुण्याईने?" त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. असो.

'मिर्च मसाला' ती गेल्यानंतर, १९८७ मध्ये आला. त्यातल्या सोनबाईच्या डोळ्यांकडे मला धड पाहवलं नाही.

तो पंधरा दिवसांचा मुलगा, प्रतीक, आजीआजोबांकडे वाढला, नट झाला. २०२५ पासून तो नाव लावतो 'प्रतीक स्मिता पाटील'. शाळेच्या रजिस्टरमध्ये मी हजारो नावं लिहिली असतील, मधलं नाव कायम बापाचं. हे नाव मी पेपरात दोनदा वाचलं आणि ह्यांनाही वाचून दाखवलं.