दिलं कोणी, घेतलं कोणी

वरळीच्या समुद्रावरून संध्याकाळी सुटणारा वारा रिकाम्या हाताने येत नाही. जांबोरी मैदानावरची धूळ ओलांडत, बीडीडी चाळीच्या लांब, अंधाऱ्या बोळातून, पाण्याच्या पिंपांना वळसा घालत, उघड्या दारांशी थबकत तो खोल्यांत शिरतो आणि खिडकीच्या गजांवर खारा ओलावा ठेवून जातो. गज धरले की तळव्यावर तांबूस भुकटी उरते. हात धुतला तरी बोटांत लोखंडाचा उग्र वास रेंगाळतो. लहानपणी तोच मला घराचा वास वाटे. पुढे शाळेत ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकले, आणि त्या वासाच्या आत चाललेली देवघेव दिसू लागली.

अभिक्रियेत ही दोन ओळखायची तर विचारायचं एवढंच: इलेक्ट्रॉन कोणी दिले आणि कोणाच्या पदरात पडले? देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण. नुसत्या लोखंडापुढे ऑक्सिडीकरण अंक शून्य मांडायचा, गंजात तो अधिक तीन होतो. हवेतल्या ऑक्सिजनपुढेही शून्य, गंजात तो उणे दोन. अंक चढला तिथून काही गेलं, उतरला तिथे काही आलं. गजाच्या एका ठिपक्यावर लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, ते धातूच्या अंगातूनच वाट काढत दुसऱ्या ठिपक्याशी पोचतात, तिथे पाण्याच्या पातळ थरात विरघळलेला ऑक्सिजन ते स्वीकारतो, आणि समुद्राचं मीठ या साऱ्या वाहतुकीला वेग देतं.

एकट्याने कोणी गंजत नाही.

डोळ्यांवर मात्र इथे विसंबता येत नाही. काळवंडलेला तांब्याचा हंडा चिंचेने घासला की खालून गुलाबी झळाळी उमलते. तांबं पुन्हा मूळ रूपात आलं, असंच वाटतं. पण अंक मांडून पाहावं: काळ्या ऑक्साइडमधलं तांबं अधिक दोन होतं आणि चिंचेच्या आम्लात विरघळून गेलं तेव्हाही अधिक दोनच. कोणी काही दिलं नाही, कोणी घेतलं नाही. मळ उतरला आणि खालचं तांबं उघडं झालं. हंडा लख्ख झाला, पण क्षपण घडलंच नाही. उलट शेजारची जस्ती बादली, निस्तेज, करडी, कुणाच्या नजरेत न भरणारी, आपलं जस्त कणाकणाने देत असते. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आधी जस्त जातं आणि लोखंड वाचतं.

माझी आत्या तशी होती. बोळातल्या अपुऱ्या उजेडात तिने लोकांचे कपडे शिवले, आणि तिची नजर अधू होत गेली तसतशी माझी पुस्तकं वाढत गेली.

या चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात उभारल्या. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, त्याला तेव्हा जेमतेम पाव शतक झालं होतं. तळमजला, वर तीन मजले, १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया. ताज्या सिमेंटच्या अल्कतेत सळईवर ऑक्साइडचं तलम कवच धरतं. ऑक्सिडीकरणच पुढच्या ऑक्सिडीकरणाची वाट अडवतं. मग वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो आणि अल्कता ओसरते. त्या वायूत स्टोव्हच्या ज्योतींचा अंश होता, गिरणीची पाळी संपवून आलेल्यांच्या, बाळंतिणींच्या, अभ्यासाला बसलेल्या पोरांच्या श्वासांचाही अंश होता. श्वास म्हणजे तरी काय? अन्नाने दिलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती सोपवत राहणं, आणि त्या देवघेवीतून अंगात ऊब टिकणं. कवच गेलं, सळई फुगली, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, आणि छताचे पोपडे निखळले.

आम्ही जगलो, त्याची खूण छतावर उमटली.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे, आत्याला असा उजेड हवा होता. जुन्या इमारती पाडताना झिजल्या, मोडल्या, संपल्या, असं लोक म्हणतात. रसायनशास्त्र मला एवढ्यावर थांबू देत नाही. इलेक्ट्रॉन हरवत नाहीत. एकाचं गेलेलं दुसऱ्याकडे जमा असतं, आणि फक्त देणाऱ्याचं नाव लिहिलं तर अभिक्रिया अर्धीच राहते. चाळीने दिलं, आत्याने दिलं. घेणाऱ्याच्या जागी मी माझं नाव लिहिते.