यमकाची वाट

यमक म्हणजे कवितेच्या पायातील बेडी, असे कुणी म्हणाले की मला ऑस्ट्रेलियातील गायक स्लिम डस्टी आठवतो.

तेथील रानकवने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात बहरली. बॅन्जो पॅटर्सन आणि हेन्री लॉसन हे त्यांचे मोठे कवी. (मला लॉसनची उदासी अधिक जवळची, पण ते असो.) गुरे हाकीत शेकडो मैल जाणाऱ्यांना ही कवने मुखोद्गत असत. खोगिराला पुस्तकाचे ओझे होते, यमकाचे होत नाही. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीला ओव्या अशाच येत.

१९२७ साली गवळ्याच्या घरी जन्मलेल्या स्लिमने लॉसनच्या कविता चालीवर गाऊन पुन्हा वाटेवर आणल्या. पण नुसत्या जतनाने त्याचे भागले नसते. घोड्यावरच्या गुराख्याची जागा ट्रकचालकाने घेतली, तेव्हा पत्नी जॉय मॅकीन हिने त्या चालकावर रचलेले गीत तो गाइला. १९७३ साली टॅमवर्थला त्या गीतास पारितोषिक मिळाले. यमके मात्र जुन्याच वळणाची!

२००० साली सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात, वयाच्या ७३व्या वर्षी, त्याने पॅटर्सनचे 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' म्हटले. भरलेले क्रीडांगण हातात कागद नसता त्याच्याबरोबर गात होते.