मेघाचाही मानपान

वैशाखातल्या दुपारी रामटेकच्या गडावर उभं राहिलं की खालचं रान पांढुरकं दिसतं. अंबाळ्याचं पाणी घाटाच्या पायऱ्या उघड्या टाकून खाली सरकलेलं, खिंडसीचा जलाशय आक्रसलेला, धानाच्या बांध्या भेगाळलेल्या. त्या उदास रंगात मध्येच लाल-पिवळ्या कापडांचे चौकोन उठून दिसतात. ते लग्नाचे मांडव. तिसऱ्या प्रहरानंतर कधी कधी आभाळाच्या एका कोपऱ्यात काळा ढीग साचू लागतो. शिडीवर चढलेला बिछायतवाला वर बघतो, मुलीचा बाप बिछायतवाल्याकडे बघतो, आणि दोघंही काही बोलत नाहीत. शुभकार्यात पावसाचं नाव काढू नये, असं मानलं जातं.

हे न बोलणं मला बोचतं, आणि रामटेकात तर अधिकच. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं साधार मांडलं. पायथ्यापासून जवळच वाकाटकांचं नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता याच मुलखात सून होऊन आली. या डोंगरावर कालिदासाच्या यक्षाला आषाढातला मेघ दिसला, तेव्हा निरोप सांगण्याआधी त्यानं कुड्याची ताजी फुलं वाहून मेघाचं स्वागत केलं. काम मागाहून, मान आधी. विरहानं खंगलेल्या माणसालाही ही रीत सुटली नाही. आपण मात्र सनई-चौघडे लावून, शेकडो पत्रिका वाटून, ज्याचं येणं आपल्या हातात नाही त्याचा विचारच टाळतो.

पूर्वजांनी तो टाळला नव्हता. यक्षाला मिळालेला विरहाचा शाप वर्षाचा होता. त्यातले शेवटचे चार महिने उरले होते आणि विष्णू शेषशय्येवरून उठला की तो संपणार होता. आपलं लग्नाचं पंचांगही याच घड्याळावर चालतं. आषाढी एकादशीला देव निजतात, कार्तिकीला उठतात, मग तुळशीचं लग्न लागतं आणि त्यानंतर माणसांची. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकची जत्रा भरते तेव्हा धान कापणीला आलेलं असतं, वाटा वाळलेल्या असतात. चातुर्मास पाळणाऱ्यांनी श्रद्धेनं पाळला. पण त्यामुळे नद्यानाले भरलेले असताना, रोवणी चालू असताना वऱ्हाड वाटेवर निघालं नाही, हेही खरं. पावसासाठीची सगळ्यात मोठी तजवीज कॅलेंडरातच होती.

म्हणूनच आपला जुना मांडव पावसासाठी नव्हताच. तो उन्हासाठी होता. मांडव-डहाळ्याच्या दिवशी बैलगाडीतून आंब्या-जांभळीच्या फांद्या यायच्या, बल्ल्यांवर अंथरल्या जायच्या आणि ४५ अंशांच्या उन्हात त्या हिरव्या छपराखाली म्हातारीकोतारी निवांत बसायची. पानांतून वारा आरपार जाई. आज लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि वर सलग कापड असतं. हे कापड शिडासारखं वारा धरतं. मांडवाला खरी भीती पाण्याआधी येणाऱ्या वाऱ्याची आहे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापते, हवा वर उसळते. त्यात बंगालच्या उपसागराकडून ओल येऊन मिळाली की दुपारनंतर ढग उंच चढतात आणि त्यांच्या पोटातून थंड हवा एकदम खाली कोसळते. ही वेळ बहुधा संध्याकाळची. गोरज मुहूर्ताचीही तीच. अंतरपाट धरायला आणि वावटळ उठायला एकच घटका मिळते, ती अशी.

तेव्हा तारीख ठरते त्याच बैठकीत कोणीतरी वडीलधाऱ्यानं मोकळेपणानं विचारावं, “बाप्पा, पाणी आलं तं?” हा प्रश्न अभद्र नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाची काळजी त्यात आहे.

उत्तरही फार अवघड नाही. मांडवाचं कापड सपाट नको, उतार हवा. दहा फूट बाय दहा फूट कापडावर एक इंच पाणी साचलं तर ते २३० लिटरांहून अधिक भरतं, म्हणजे तीन-चार माणसांचं ओझं डोक्यावर लटकतं. खांबांना ताण देणाऱ्या दोऱ्या जमिनीत खोल ठोकलेल्या खुंट्यांना हव्यात. धानाच्या पट्ट्यातली चिकण माती पाणी पटकन पीत नाही, म्हणून मांडवाभोवती वीतभर चर आणि त्याला उताराकडे वाट हवी. विजेचे जोड जमिनीवर नकोत, जनरेटर उंचवट्यावर हवा. आचाऱ्याच्या भट्टीवर वेगळं पत्र्याचं छप्पर हवं. नवरदेव भिजला तर कपडे बदलेल, चूल विझली तर पाचशे पानं उपाशी राहतील. आणि हे सारं करूनही जवळ एक पक्की जागा ठरवलेली हवी: शाळेचा व्हरांडा, समाजभवन, मंदिराचा सभामंडप. तिची किल्ली कोणाकडे आहे हे दोन माणसांना ठाऊक हवं.

विजेच्या बाबतीत तर भीड ठेवूच नये. लोखंडी खांबांचा मांडव आणि एकटं झाड, दोन्ही आडोसे नव्हेत. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर माणसं पक्क्या इमारतीत न्यावीत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे इशारे आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आता प्रत्येकाच्या खिशात येऊ शकतं. घरातल्या एका तरुण मुलाला त्या दिवशी हेच काम द्यावं आणि त्यानं सांगितलं की उठायचं, हे भटजींसकट सगळ्यांनी आधीच कबूल करावं. मुहूर्त पाळायचा असेल तर तो व्हरांड्यातही पाळता येतो. मंगलाष्टकांना आभाळ लागत नाही.

या तजविजीला माझ्या लेखी आणखी एक कारण आहे, आणि ते सगळ्यात मोठं आहे. कढईत जेवलं की लग्नात पाऊस येतो, असं आपण लहान मुलींना सांगत आलो. बोलणं लाडाचं असतं. पण मांडव खरोखर पडला, पंगत भिजली, की तेच बोलणं पायगुणाच्या टोमण्यात बदलतं आणि वर्षानुवर्षं सुनेच्या मागे लागतं. इटलीत भिजलेली नवरी भाग्याची मानतात. आपल्याकडे ज्या शेतकऱ्याचं सारं जगणं पावसावर, त्याच्याच अंगणात पावसात आलेली मुलगी अवलक्षणी का ठरावी? वाऱ्याला दोरी कमी पडली, पाण्याला चर कमी पडला, तर तो आपल्या नियोजनातला उणेपणा आहे. त्याचा भार हळदीच्या अंगानं उभ्या असलेल्या मुलीनं का वाहावा?

अवकाळी आता वरचेवर येतो. देव झोपण्याची वाट तो पाहत नाही. फाल्गुनात गारा घेऊन येतो, वैशाखात वादळ. पंचांगानं आपल्यासाठी जे केलं ते यापुढे आपल्याला मांडवात करावं लागेल. विहिणीला साडी, व्याह्यांना शेला, मामाला टोपी, असा मानपान आपण कागदावर लिहून काढतो. त्याच कागदावर, त्याच शाईनं, पावसाचंही नाव लिहावं आणि समोर त्याचा खर्च मांडावा: ताडपत्री, दोरी, चर, पक्की जागा. पाऊस नाही आला तर थोडे पैसे जास्त गेले, इतकंच. आला, तर वऱ्हाडातलं कोणी घाबरून पळणार नाही, म्हाताऱ्यांना कोरडी जागा मिळेल, पंगत उठेपर्यंत गरम वाढलं जाईल, आणि मुलीच्या लग्नाच्या आठवणीत पावसाचं नाव आनंदानं निघेल.