गोष्टीतल्या माणसांची आडनावे

आजीच्या गोष्टीतल्या राजाला आडनाव नसते. आटपाट नगरचा राजा, एवढे त्याला पुरते. आडनाव लागते ते तुमच्या-आमच्यासारख्या अर्ज भरणाऱ्यांना. आमच्या घरात महाविद्यालयाचा अर्ज भरणारी मी पहिलीच. त्या अर्जात आडनाव सर्वांत आधी, आणि माझे स्वतःचे नाव मधे! गावात मात्र मला आजवर कोणी आडनावाने हाक मारलेली नाही. तिथे मी 'विहिरीवरल्या तात्यांची थोरली'.

यंदा एक अद्भुतकथा लिहायला घेतली आणि हा प्रश्न नव्याने उभा राहिला. माझ्या कथेत राजा नाही. धुक्यातल्या एका राज्यातला नावाडी आहे आणि रात्री वाटा उजळणारी एक म्हातारी आहे. नावाड्याला आधी 'तेजोनिधी' केले, तर तो होडी सोडून भाषणच करू लागला. मग सरळ 'पाटील' केले, तर त्याला मिशा फुटल्या आणि मागे वाडा उभा राहिला!

वाट सापडली ती टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954–55) या कादंबरीत. ऑक्सफर्डच्या या भाषेच्या प्राध्यापकांनी राजांचे आणि वीरांचे बहुधा 'अमक्याचा पुत्र' एवढ्यावरच भागवले आहे. आडनावे आहेत ती हॉबिट नावाच्या बुटक्या, शेतीवाडी करणाऱ्या लोकांना. त्यांतला सॅम गॅमजी हा माळी. बर्मिंगहॅमकडे जखमेवर बांधायच्या कापसाला 'गॅमजी' म्हणत; तो कापूस तयार करणाऱ्या डॉक्टरांचे ते आडनाव. लहानपणी कानावर पडलेला हा शब्द टॉल्किननी उचलला, पण तसाच चिकटवला नाही. त्याच्यामागे 'गॅमविच' नावाचे एक गाव वसवले. लोकांच्या बोलण्यात गॅमविचचे 'गॅमिज' झाले आणि मग 'गॅमजी'. गंमत अशी, की 1956 साली त्यांना खऱ्याखुऱ्या सॅम गॅमजी नावाच्या गृहस्थांचे पत्र आले!

आपल्याला ही रीत परकी नाही. गावाला 'कर' लावले की आडनाव तयार. डॉ. आंबेडकरांचे घराणे मूळचे सकपाळ. आंबडवे या गावावरून शाळेत आंबडवेकर लागले आणि पुढे आंबेडकर झाले. दुसरी तऱ्हा एकबोटे, वाघमारे, डोईफोडे यांची. कधीकाळी कुणाच्या तरी बाबतीत काही घडले असणार. आज ते आडनाव लावणाऱ्याला बहुधा ते ठाऊक नसते आणि तो ते सांगतही बसत नाही. गोष्टीतले आडनाव खरे वाटते ते यामुळेच. मागे गाव हवे, काम हवे, आणि बोलून बोलून शब्द थोडा झिजलेला हवा.

मग मी धुकगाव वसवले. धुकगावकरचे झाले धुकावकर. तो माझा नावाडी. म्हातारीच्या पूर्वजांनी काजवे धरून रात्रीच्या वाटा उजळल्या, म्हणून ती काजवे. कथेत याचा खुलासा कुठेच केला नाही.

वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने खर्डा वाचला. कथा तिला आवडली. मग तिने सहज विचारले, "पण हे धुकावकर म्हणजे कोणापैकी गं?"

हा प्रश्न आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. आपण नाव सांगतो. समोरचा म्हणतो, "पुढे?" त्या 'पुढे'ची नजर मात्र मागे असते, आपल्या आजा-पणजापर्यंत ती जाऊन येते आणि मग आपल्याला कुठे बसवायचे ते ठरते. पण माझ्या राज्यात तर अजून शिवारही आखलेले नव्हते, तिथेही हा प्रश्न आमच्या आधी पोहोचला!

आडनावेच काढून टाकावीत, असेही मनात आले. पण मग माझा नावाडी आटपाट नगरचा होतो. त्याच्या हातांवर वल्ह्याचे घट्टे आहेत, त्याला राजासारखे अधांतरी ठेवणे मला पटेना. गाव सांगणारे, काम सांगणारे आणि पायरी न सांगणारे आडनाव मला हवे आहे. खऱ्या जगात ते अजून मिळत नाही, म्हणून तर अद्भुतकथा लिहायची.

मैत्रिणीला मी सांगितले, "धुकावकर म्हणजे धुकगावचे. होडी चालवतात." ती उत्तराची वाट पाहत थोडा वेळ बसली. मला तेवढेच उत्तर द्यायचे होते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला