आमच्या शेरूचं हृदय

या ब्लॉगवर मी एरवी माणसांच्या आजारांबद्दल लिहितो. आज आमच्या कुत्र्याबद्दल लिहितो आहे, कारण चूक माझ्या हातून झाली.

शेरू आमचा डॉबरमन, सहा वर्षांचा. मार्चपासून फिरायला नेलं की अर्ध्या वाटेत बसायचा. "अहो, ह्याला एकदा दाखवून आणा," सौ. दोनतीनदा म्हणाली. मी म्हटलं, उन्हाळा आहे, वजनही वाढलंय. छातीतलं दुखणं 'गॅस आहे' म्हणून अंगावर काढणाऱ्या तुम्हा मंडळींना रोज रागावणारा मी! एप्रिलमध्ये तो जिन्यात कोसळला. काही सेकंदांत उठून शेपटी हलवायला लागला. तेव्हा कुठे मी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके मध्येच चुकत होते.

तुमच्या मनात पहिला शब्द 'ब्लॉकेज' आला असेल. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून येणारा हार्ट अटॅक कुत्र्यांत फार क्वचित दिसतो. डॉबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींत हृदयाचा स्नायूच दुबळा होतो आणि कप्पे फुगतात. याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. नळ्या मोकळ्या, पंप थकलेला. डॉबरमनमध्ये तो बहुधा आनुवंशिक असतो आणि कित्येक महिने, कधी वर्षंही, बाहेर काहीच दाखवत नाही. काहींच्या बाबतीत अचानक मृत्यू हेच पहिलं लक्षण ठरतं.

नुसत्या स्टेथोस्कोपवर विसंबू नका. पशुवैद्यांकडून इको आणि 24 तासांचं होल्टर करून घ्यावं लागतं. डॉबरमन तीनचार वर्षांचा झाला की दरवर्षी. कारण लवकर कळलं तर उपयोग होतो. हृदय मोठं झालेल्या, पण लक्षणं नसलेल्या डॉबरमनवरचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पिमोबेंडान या औषधाने हार्ट फेल्युअर किंवा अचानक मृत्यू येईपर्यंतचा मध्यम काळ 441 दिवसांवरून 718 दिवसांवर गेला. म्हणजे साधारण नऊ महिने जास्त. शेरूची ती वेळ निघून गेली होती.

औषधं सुरू झाली. पशुवैद्यांनी एक काम मला दिलं: तो गाढ झोपला की मिनिटाला श्वास किती, ते मोजायचं. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. तीसच्या वर सतत जायला लागले तर फुप्फुसात पाणी साचत असल्याची शंका घ्यायची आणि लगेच फोन करायचा. हे तुम्हीही घरी करू शकता, घड्याळाशिवाय काही लागत नाही.

मी रोज रात्री वहीत लिहायचो. 22, 24, 22. गणपतीच्या आठवड्यातले आकडे 28, 34, 46 असे आहेत. त्यापुढची पानं कोरी आहेत.