अब्बांची रिक्षा आणि एक चुकलेला शब्द

तुम्ही कधी कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला उतरला असाल, तर बाहेरची रिक्षांची रांग तुम्ही पाहिली असेल. त्या रांगेत माझे अब्बा वीस वर्षांहून अधिक काळ रिक्षा घेऊन उभे राहत आले आहेत. आमचे घर दूधनाक्याला. फजरची नमाज झाली, चहा झाला की अब्बा रिक्षा पुसायला घेत.

मी आठवीत असताना अब्बांनी पेट्रोलच्या रिक्षाला सीएनजीची टाकी बसवून घेतली. त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढावे लागले. अम्मीला मोठी काळजी वाटत होती. "हा गॅस उद्या संपला तर? कर्ज तर राहीलच ना!" असे ती म्हणाली. अब्बांनी माझ्याकडे पाहिले. घरात विज्ञान शिकणारा मीच होतो. मी जरा ऐटीतच म्हणालो, "अम्मी, याचे नावच नैसर्गिक वायू आहे. निसर्गातून येणारी वस्तू कशी संपेल? याला अक्षय इंधन म्हणतात."

अब्बांना हा शब्द फार आवडला. 'अक्षय' म्हणजे ज्याचा क्षय होत नाही, जे कधी संपत नाही. पुढे कित्येक दिवस ते आपल्या प्रवाशांना सांगत होते, "साहेब, ही गाडी न संपणाऱ्या गॅसवर चालते. माझ्या मुलाने सांगितले आहे."

त्याच वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. मी मोठा तक्ता रंगवला. एका बाजूला सूर्य, वारा आणि गोबरगॅस, आणि त्यांच्याच शेजारी सीएनजीची हिरवी रिक्षा. वर ठळक अक्षरांत लिहिले, 'अक्षय इंधने'. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता नीट पाहिला आणि विचारले, "बेटा, हा सीएनजी कुठून येतो?"

"पंपावरून," मी म्हणालो. आजूबाजूची मुले हसली.

परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून समजावले. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर दूर समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. ते 1974 मध्ये सापडले. तिथला गॅस समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो. काही गॅस परदेशांतूनही जहाजाने आणावा लागतो. हा गॅस कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जीवांपासून बनला आहे. काढू तितका तो कमी होतो. हवेच्या सुमारे 200 पट दाबाने तो टाकीत भरतात, म्हणून त्याला 'दाबलेला नैसर्गिक वायू' म्हणतात. तो पेट्रोल-डिझेलपेक्षा कमी धूर करतो, म्हणून स्वच्छ खरा. पण अक्षय नाही.

बक्षीस गेले, त्याचे फारसे वाटले नाही. घरी जाऊन अब्बांना काय सांगायचे, ही भीती मोठी होती. रात्री जेवताना मी खरे काय ते सांगितले. अब्बांचा घास हातातच राहिला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू सांगितलेस म्हणून मी लोकांना सांगत होतो." मला रागावणे परवडले असते.

मित्रांनो, माझी चूक कुठे झाली, ते पाहा. 'इंधन' हा शब्द आपल्याला परका नाही, उर्दूतही आपण ईंधन म्हणतोच. मला फसवले 'नैसर्गिक' या शब्दाने. कोळसाही नैसर्गिक आहे आणि खनिज तेलही नैसर्गिक आहे. पण ती एकदा जाळली की आपल्या हयातीत पुन्हा तयार होत नाहीत. जे इंधन पुन्हा पुन्हा नव्याने तयार करता येते, त्याला 'नवीकरणीय' म्हणतात. उच्चारायला अवघड, पण फोडून पाहा : नवीकरण म्हणजे पुन्हा नवे करणे. पूर्वी पुस्तकांत 'अपारंपरिक ऊर्जा' असा शब्द असे. दिल्लीच्या मंत्रालयाचे नावही तसेच होते. 2006 मध्ये ते बदलून 'नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा' झाले. ते बरेच झाले. कारण शेण आणि लाकूड माणूस हजारो वर्षे जाळत आला आहे, त्यांच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेला अपारंपरिक कसे म्हणायचे?

आता गंमत ऐका. सीएनजीत मुख्यतः मिथेन असतो. गोबरगॅसमध्येही जळतो तो मिथेनच. दोन्हींची ज्योत सारखीच. फरक आहे तो वयाचा. एक मिथेन कोट्यवधी वर्षांचा, दुसरा गेल्या आठवड्याच्या शेणाचा नाही तर भाजीच्या देठांचा. आमच्या कल्याणात आधारवाडीला कचऱ्याचा मोठा डोंगर होता. 2021 मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले. त्याआधी उन्हाळ्यात तिथे आगी लागत आणि धुराने डोळे चुरचुरत. अम्मी खिडक्या लावून घेई. ओला कचरा हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो आणि अशा आगींना तो जोर देतो. म्हणजे अब्बा ज्या गॅससाठी रात्री पंपावर तासन्‌तास रांगेत उभे राहत, तोच गॅस आमच्या घराजवळ फुकट जात होता!

कचऱ्यापासून गॅस घेण्याची कल्पना नवीन नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात 1897 च्या सुमारास मैल्यापासून गॅस तयार करून दिवे लावत. असा गॅस शुद्ध करून, दाबून गाडीत भरला की तो सीएनजीसारखाच चालतो. त्याचे नाव सीबीजी. नावात एकाच अक्षराचा फरक, 'एन'च्या जागी 'बी'. हा 'बी' म्हणजे बायो, जिवापासून आलेला. 2018 पासून सरकारने त्यासाठी योजना सुरू केली आहे.

पेट्रोलचेही असेच आहे. पंपावर तुम्ही 'ई 20' ही अक्षरे पाहिली असतील. 'ई' म्हणजे इथेनॉल आणि 20 म्हणजे 100 लिटरांत 20 लिटर. ते उसापासून, मक्यापासून, तांदळापासून करतात. 2001 मध्ये याचे पहिले प्रयोग झाले, तेव्हा त्यांत आपल्या मिरज आणि मनमाडचा समावेश होता. ऊस दरवर्षी उगवतो, म्हणून हे इंधन नवीकरणीय. पण ऊस फुकट उगवत नाही, त्याला पाणी फार लागते. आणि एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी मिळते. मला विचाराल, तर उसापेक्षा कचऱ्याचा गॅस मला जास्त पटतो. कदाचित आधारवाडीचा धूर खाल्ल्यामुळे असेल.

कर्ज केव्हाच फिटले. अब्बा अजून रिक्षा चालवतात आणि प्रवाशांशी बोलतातही. परवा मी त्यांना सीबीजीविषयी सांगत होतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग तो आपल्या पंपावर कधी येणार?"

मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. "थांब," ते हसून म्हणाले, "या वेळी आधी चौकशी करून ये. मग मी लोकांना सांगतो."